एकच नाव, ६ प्राप्तकर्ते: पॅरामीटरच्या टाइपचं एक प्रकरण

सूचना पाठवणाऱ्या मॉड्यूलच्या लॉगमधली ओळ अगदी साधी होती: ‘६ प्राप्तकर्त्यांसाठी सूचना रांगेत टाकली.’ प्रत्यक्षात ती सूचना एकाच व्यक्तीला जायची होती, आणि तिलाच ती मिळाली नाही. एरर कुठेच नव्हता. रांगेत काही तुंबलेलं नव्हतं. टेस्ट हिरव्या, टाइप चेकर (कोड न चालवताच टाइप, म्हणजे किमतींचे प्रकार, जुळतात का ते बघणारं साधन) हिरवा. सूचना होती डिस्क भरत आल्याची. ती पोचलीच नाही हे लक्षात आलं तेव्हा डिस्क भरून सर्व्हिस बंद पडलेली होती.

टाइप हिंट (पॅरामीटर कोणत्या प्रकारचा हे सांगणारी टीप) न लिहिणाऱ्या टीमकडून हे झालं असतं तर ‘टाइप हिंट लिहा’ एवढ्यावर विषय मिटला असता. पण ही टीम पायथनमध्ये काम करणारी आणि हिंटच्या बाबतीत काटेकोर. मायपाय हा टाइप चेकर स्ट्रिक्ट, म्हणजे कडक, मोडमध्ये, प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (नवा कोड सामील करून घेण्याच्या विनंतीवर) चालणारा. ज्या फंक्शनमध्ये घोळ झाला त्याच्या प्रत्येक पॅरामीटरला टाइप होता आणि रिव्ह्यूमध्ये त्यावर चर्चाही झाली होती. म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहिण्याजोगं वाटतं. (प्रकरणातली नावं बदललेली आहेत.)

फंक्शन असं होतं. वाचायला सोपं जावं म्हणून कोड देवनागरीत देतो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबल आणि फंक्शनची नावं तशीही देवनागरीत चालतात, कीवर्ड तेवढे रोमन लागतात.

    सूचना_पाठव(प्राप्तकर्ते: सीक्वेन्स[स्ट्र], मजकूर: स्ट्र) -> इंट

स्ट्र म्हणजे स्ट्रिंग (मजकूर), इंट म्हणजे पूर्णांक, सीक्वेन्स[स्ट्र] म्हणजे एकामागून एक लावलेल्या स्ट्रिंगा. आत तीन कामं. आलेल्या नावांतली पुनरावृत्ती काढायची, उरलेल्यांची संख्या लॉगमध्ये लिहायची, आणि मग लूप चालवून प्रत्येक नावासाठी एक काम रांगेत टाकायचं. रांगेच्या पलीकडचा वर्कर ते नाव डेटाबेसमध्ये शोधतो. सापडलं तर सूचना देतो. नाही सापडलं तर गप्प पुढे जातो, कारण सूचना निघाल्यापासून पोचेपर्यंतच्या काळात एखादं खातं बंद झालेलं असू शकतं आणि त्यासाठी आरडाओरड नको, असा मूळ विचार होता.

पॅरामीटरला ‘लिस्ट’ न म्हणता ‘सीक्वेन्स’ का म्हटलं, याचं उत्तर जुन्या रिव्ह्यूमध्ये सापडतं. पहिल्या आवृत्तीत लिस्ट[स्ट्र]च होतं. रिव्ह्यू करणाऱ्याने लिहिलं, ‘आत फक्त लूप आहे, मग लिस्टचा हट्ट कशाला? टपल देणाऱ्याला उगाच अडवू नका.’ (टपल म्हणजे बदलता न येणारी यादी.) सल्ला पुस्तकी आहे आणि एरवी चांगलाच आहे. फंक्शनला जेवढं लागतं तेवढंच मागावं, असं पायथनवाले शिकतात आणि शिकवतात. त्यामागे तांत्रिक कारणही आहे. लिस्ट बदलता येते, म्हणून चेकर तिच्या आतल्या टाइपबाबत ताठर असतो: लिस्ट[बूल] ही लिस्ट[इंट] मागणाऱ्या फंक्शनला देता येत नाही, जरी पायथनमध्ये बूल (खरं-खोटं) हा इंटचाच उपप्रकार असला तरी. कारण ते फंक्शन त्या लिस्टमध्ये ७ हा आकडा घालू शकतं, आणि मग मूळ मालकाच्या हातात बूलची म्हणून जी लिस्ट आहे तिच्यात ७ निघेल. सीक्वेन्स नुसती वाचायची असते, तिला ही अडचण नाही. थोडक्यात, लिस्टवरून सीक्वेन्सवर जाणं ही सुधारणा समजली जाते, आणि इथेही तशीच समजली गेली.

आता तपास. ६ या आकड्याने सगळ्यांना भलतीकडे नेलं. ऑपरेशन्सच्या ग्रुपमध्ये नेमके सहाच सदस्य होते, त्यामुळे पहिला संशय असा की नियमात एका व्यक्तीच्या जागी चुकून अख्खा ग्रुप उलगडला जातोय. ग्रुप उलगडणारा कोड उलटापालटा करून पाहिला. तिथे काही नव्हतं. शेवटी कोणीतरी लॉगमध्ये नुसत्या संख्येऐवजी प्रत्यक्ष नावं छापली, आणि स्क्रीनवर आलं ते असं:

    अ, न, ु, र, ा, ध

नाव होतं ‘अनुराधा’. पायथन स्ट्रिंगवर लूप चालवतो तेव्हा एकेक युनिकोड कोडपॉइंट (युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेलं चिन्ह) हातात येतो, आणि देवनागरीत मात्रेला स्वतंत्र कोडपॉइंट आहे. त्यामुळे अ, न, उकार, र, काना, ध, काना अशी सात चिन्हं होतात. पुनरावृत्ती काढली की दुसरा काना गळतो आणि उरतात सहा. मॉड्यूलने इमानेइतबारे सहा ‘वापरकर्त्यां’साठी सहा कामं रांगेत टाकली होती, त्यातल्या एकाचं नाव नुसता उकार. वर्करला यातलं कोणीच डेटाबेसमध्ये सापडलं नाही आणि तो ठरल्याप्रमाणे गप्प राहिला.

स्ट्रिंग आली कुठून? इशाऱ्यांचे नियम यॅमल या फॉरमॅटमधल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये होते. बाकी सगळ्या नियमांत नावं एकाखाली एक, प्रत्येकासमोर डॅश. या नियमात प्राप्तकर्ता एकच, म्हणून लिहिणाऱ्याने डॅश न देता त्याच ओळीत नाव लिहिलं:

    प्राप्तकर्ते: अनुराधा

यॅमलच्या दृष्टीने ही यादी नाही, साधी स्ट्रिंग आहे. वाचणाऱ्या माणसाला मात्र दोन्हींत फरक वाटत नाही. लिहिणाऱ्याला दोष द्यावा असं मला यात काही दिसत नाही. जो फॉरमॅट माणसांनी हाताने लिहायचा आहे त्यात हे होणारच.

इथपर्यंत पाहिलं तर वाटेल की दोष कॉन्फिगचा आणि टाइपचा काही संबंध नाही. टीममध्येही पहिला सूर तोच होता: यॅमल वाचणारं फंक्शन ‘एनी’ परत करतं, आणि एनी म्हणजे चेकरला ‘इकडे बघू नकोस’ असं सांगणं. एनी कुठल्याही पॅरामीटरमध्ये बिनबोभाट बसतो. जेसन (डेटा लिहिण्याचा आणखी एक फॉरमॅट) वाचणाऱ्या फंक्शनचंही तेच. स्ट्रिक्ट मोडसुद्धा अशा किमतीला (व्हॅल्यूला) आर्ग्युमेंट म्हणून पुढे जाताना अडवत नाही. म्हणजे पॅरामीटरला कितीही कडक टाइप दिला असता तरी या वाटेने आलेली स्ट्रिंग चेकरला दिसलीच नसती. हे खरं आहे. पण अर्धंच.

दुसरा अर्धा भाग शोधाशोध करताना सापडला. सूचना_पाठवला कॉल करणाऱ्या सगळ्या जागा एकेक करून पाहिल्या, तर एका ठिकाणी असं होतं:

    सूचना_पाठव(प्रकल्प.मालक, "मुदत संपत आली")

प्रकल्प.मालक हा स्ट्र. इथे एनी नाही, कॉन्फिग नाही, सगळे टाइप चेकरला स्वच्छ माहीत आहेत, आणि तरी मायपायने हा कॉल बिनतक्रार पास केला. पायराइट या दुसऱ्या चेकरनेही केला. हा चेकरचा बग नव्हे. पायथनमध्ये स्ट्र हा खरोखरच सीक्वेन्स[स्ट्र] आहे.

घोडं पेंड खातं ते इथे. अनेक भाषांत स्ट्रिंगचे तुकडे केले की वेगळ्या जातीची वस्तू हाती येते. स्विफ्टमध्ये स्ट्रिंगचा घटक कॅरेक्टर असतो, स्ट्रिंग नव्हे. पायथनमध्ये कॅरेक्टर असा टाइपच नाही. ‘अनुराधा’चा पहिला घटक ‘अ’, तोही स्ट्र. त्या ‘अ’चा पहिला घटक पुन्हा ‘अ’, पुन्हा स्ट्र. हे कितीही वेळा करा. म्हणजे ‘स्ट्रिंगांची रांग’ या अटीत एकटी स्ट्रिंग चोख बसते. चेकरला विचारलेल्या प्रश्नाचं त्याने बरोबर उत्तर दिलं. आपल्याला विचारायचा होता तो प्रश्न वेगळा होता.

माझ्या मते ‘फंक्शनला लागतं तेवढंच मागा’ या सल्ल्याची मर्यादा नेमकी इथे आहे. तो फक्त फंक्शनच्या आतून बघतो. आत काय काय चालू शकतं, याचं उत्तर त्यातून मिळतं. पण पॅरामीटरवरची अट जास्त करून बाहेरच्याच्या कामाची असते: कॉल करणाऱ्याच्या हातून काय चुकून येऊ शकतं, आणि आलेलं चुकीचं असेल तर ते कोणाला दिसेल. सूचना_पाठवच्या लूपला सात चिन्हांची स्ट्रिंग चालत होती यात शंकाच नाही. कोणालाही तशी ती चालवायची नव्हती. चालण्याचा परीघ आणि अर्थाचा परीघ यांत इथे अंतर होतं, आणि अट पहिल्या परिघावर आखली गेली होती.

ही अडचण नवी नाही. पायथनमध्ये पॅरामीटरला टीप जोडायची सोय २००८ साली ३.० मध्ये आली, त्या टिपांना टाइपचा ठरलेला अर्थ २०१५ साली ३.५ मध्ये मिळाला, आणि त्यानंतर लवकरच ‘स्ट्र नको, पण स्ट्रची सीक्वेन्स हवी’ हे कसं लिहायचं यावर टाइपिंगवाल्यांत वाद सुरू झाला. ‘अमुक सोडून बाकी सगळं’ असं सांगणारा टाइप पायथनमध्ये आजही नाही. गूगलचा पायटाइप हा चेकर तर सरळ नियम मोडून स्ट्रला स्ट्रच्या सीक्वेन्समध्ये बसू देत नसे. ते तत्त्वाला धरून नव्हतं, पण त्यामागचा अनुभव समजण्यासारखा आहे.

टीमपुढे मग पर्याय मांडले गेले. त्यावरची चर्चा सगळ्यात रंजक होती.

पहिला पर्याय मागे जाण्याचा: पुन्हा लिस्ट[स्ट्र]. स्ट्रिंग लगेच अडते. पण दोन ठिकाणांहून टपल येत होतं. त्यांना लिस्टमध्ये गुंडाळावं लागलं असतं, एवढंच. खरं सांगायचं तर बहुतेक ॲप्लिकेशन कोडला हाच पर्याय पुरतो, आणि ‘सीक्वेन्स लिहिलं की कोड जास्त प्रगल्भ’ हा समज सोडून द्यायला हरकत नाही. इथे तो बाद झाला याचं कारण वेगळं: प्रकल्प.मालकच्या जागी कंस घालून एका नावाची लिस्ट केली की चेकर समाधानी, पण त्या लिस्टमध्ये वापरकर्त्याचं नाव आहे की ईमेल की ग्रुपचं नाव, हे तो विचारत नाही. आणि या कोडमध्ये तिन्ही गोष्टी स्ट्र होत्या.

दुसरा पर्याय रनटाइमला तपासण्याचा. फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘आलेलं स्ट्र आहे का’ बघायचं. मग पुढे काय करायचं यावर दोन पंथ आहेत, आणि दोन्ही जगन्मान्य कोडमध्ये सापडतात. पायथनच्या स्वतःच्या एसएमटीपी लायब्ररीत मेल पाठवणारं फंक्शन एकटी स्ट्रिंग आली तर तिला एका पत्त्याची लिस्ट समजतं, आणि तसं दस्तऐवजात लिहून ठेवतं. जँगो या वेब फ्रेमवर्कमधला ईमेल मेसेजचा क्लास उलट करतो: ‘टू’ला स्ट्रिंग दिली की टाइप एरर फेकतो आणि लिस्ट किंवा टपल द्या म्हणून सांगतो. मी जँगोच्या बाजूचा. सांभाळून घेणाऱ्या फंक्शनचा खरा टाइप ‘स्ट्र किंवा सीक्वेन्स[स्ट्र]’ असा होतो, आणि मग हीच दुहेरी सोय त्याला कॉल करणाऱ्या फंक्शनलाही द्यावीशी वाटते, मग त्याच्या वरच्यालाही. वर्षभराने अर्ध्या कोडमध्ये ‘स्ट्र असेल तर लिस्ट कर’ ही ओळ दिसते.

तिसरा पर्याय टीममधल्या टाइपप्रेमीचा. प्रोटोकॉल (अमुक मेथड असलेलं काहीही चालेल असं सांगणारा टाइप) लिहून स्ट्रला बाहेर ठेवायचं. याची युक्ती मला फार आवडते, म्हणून थोडी सांगतो. एखाद्या लिस्टमध्ये ५ आहे का असं विचारलं, आणि लिस्टमध्ये सगळ्या स्ट्रिंगाच असल्या, तरी उत्तर मुकाट ‘नाही’ येतं. स्ट्रिंगला विचारलं की तिच्यात ५ आहे का, तर ती ‘नाही’ म्हणत नाही, टाइप एरर देते: डावीकडे स्ट्रिंगच पाहिजे. म्हणजे ‘आत आहे का’ या मेथडचा पॅरामीटर सीक्वेन्समध्ये कोणताही ऑब्जेक्ट घेतो, स्ट्रमध्ये फक्त स्ट्र. काटेकोरपणे पाहिलं तर स्ट्र सीक्वेन्सचा करार इथे मोडतो. पायथनच्या अधिकृत टाइप फाइल्समध्ये त्या ओळीवर चक्क चेकरला ‘दुर्लक्ष कर’ असा शेरा मारलेला आहे. मग आपण असा प्रोटोकॉल लिहायचा की ज्यात ही मेथड कोणताही ऑब्जेक्ट घेते. लिस्ट बसते, टपल बसतं, स्ट्र नावावरून नव्हे तर आकारावरून तपासला जातो आणि अडतो. पांडाज या डेटा लायब्ररीच्या अंतर्गत टाइपांत हीच युक्ती वापरलेली आहे.

युक्ती चोख, पण चेकरचा संदेश वाचवत नाही. ज्याने चुकून स्ट्रिंग दिली त्याला स्क्रीनवर ‘आत आहे का’ या मेथडच्या पॅरामीटरचे टाइप जुळत नाहीत असं काहीतरी दिसतं. त्यावरून ‘अरे, मी यादीऐवजी नाव दिलं’ इथपर्यंत पोचणं नव्या माणसाला जड. लायब्ररी लिहिणाऱ्यांना दुसरा इलाज नसतो, त्यांच्यासाठी ठीक.

स्ट्रसाठी ओव्हरलोड (त्याच फंक्शनची दुसरी टाइप-ओळ) लिहून त्याचा परतावा ‘नेव्हर’ (म्हणजे फंक्शन कधी परततच नाही) ठेवायचा, असाही एक प्रस्ताव आला. त्याने कॉल अडत नाही. चेकर फक्त त्यानंतरचा कोड पोचण्यापलीकडचा मानतो, आणि बहुधा तोही मुकाट. सोडून दिला.

ठरलं ते असं:

    वापरकर्तानाव = न्यूटाइप("वापरकर्तानाव", स्ट्र)

    सूचना_पाठव(प्राप्तकर्ते: सीक्वेन्स[वापरकर्तानाव], मजकूर: स्ट्र) -> इंट

न्यूटाइप इथे स्ट्रवर बेतलेला, वेगळ्या नावाचा एक नवा टाइप करतो. सीक्वेन्स तशीच राहिली. बदलला तो आतला टाइप. आता एकटी स्ट्रिंग दिली तर ती स्ट्रची सीक्वेन्स आहे, पण फंक्शनला वापरकर्तानावाची सीक्वेन्स हवी आहे, आणि कुठल्याही स्ट्रला वापरकर्तानाव समजायची मुभा नाही. चेकर अडवतो. गंमत म्हणजे एकटं वापरकर्तानाव दिलं तरी अडवतो: ते स्ट्रचा उपप्रकार आहे म्हणून स्ट्रची सीक्वेन्स आहे, स्वतःसारख्यांची सीक्वेन्स नाही. त्याचे तुकडे केले की साधे स्ट्रच पडतात. जी स्वतःत स्वतः सापडण्याची साखळी मघाशी अडचण होती ती एका पायरीवर तुटली. संदेशही वाचता येतो: आर्ग्युमेंट स्ट्र आहे, अपेक्षित वापरकर्तानावांची सीक्वेन्स. शिवाय ईमेल आणि ग्रुपचं नाव यांची सरमिसळ याच फटक्यात थांबली, जी लिस्टच्या पर्यायाने थांबली नसती.

न्यूटाइप रनटाइमला जवळजवळ काहीच करत नाही. दिलेली किंमत जशीच्या तशी परत करतो, म्हणून तो कसलीही पडताळणी नाही. एनीमधून आलेल्या स्ट्रिंगला तो अडवणार नाही. त्यासाठी यॅमल आत येतं त्या जागी एक फंक्शन बसवलं:

    नावं_वाच(कच्चं: ऑब्जेक्ट) -> लिस्ट[वापरकर्तानाव]

पॅरामीटर एनी नाही, ऑब्जेक्ट आहे, आणि हा फरक लोक हमखास विसरतात. दोन्हींत काहीही देता येतं. पण आत गेल्यावर एनीवर काहीही करता येतं, तर ऑब्जेक्टवर जवळपास काहीच नाही. त्याच्यावर लूप चालवायचा म्हटलं तरी चेकर आधी विचारतो की हे काय आहे ते तपासलंस का. म्हणजे तपासणी विसरणं अशक्य होतं. या फंक्शनमध्ये आधी लिस्ट आहे का बघितलं जातं, मग प्रत्येक घटक स्ट्र आहे का, मग आजूबाजूची मोकळी जागा काढून, अक्षरं लहान करून त्याला वापरकर्तानाव केलं जातं. संपूर्ण कोडमध्ये स्ट्रचं वापरकर्तानाव होण्याच्या जागा आता दोनच: ही, आणि डेटाबेस मॉडेल.

इथे एकटी स्ट्रिंग आली तर काय करायचं यावर पुन्हा तोच वाद झाला. मला वाटत होतं की या एका जागी सांभाळून घ्यायला हरकत नाही. माणसाने हाताने लिहिलेली फाइल आहे, हेतू उघड आहे, आणि सोय पुढे पसरण्याची भीती नाही. विरोधात आलेला मुद्दा मात्र बिनतोड होता. डॅशच्या ऐवजी कोणी एकाच ओळीत ‘अनुराधा, समीर’ असं स्वल्पविराम देऊन लिहिलं तर? सांभाळून घेणारं फंक्शन त्याचं ‘अनुराधा, समीर’ नावाचा एक वापरकर्ता करेल, वर्करला तो सापडणार नाही, आणि आपण पुन्हा पहिल्या दिवशी जिथे होतो तिथे. म्हणून फाइल लोड होतानाच नियमाचं नाव सांगून एरर, असं ठरलं. वर्करचं मौनही मोडलं: नाव न सापडल्यास आता इशारा लॉग होतो.

किंमत मोजावी लागली ती मुख्यतः टेस्टमध्ये. टेस्टमध्ये कोट करून लिहिलेली नावं चेकरला चालेनात, म्हणून एक छोटं मदतनीस फंक्शन आलं. गो या भाषेत हा त्रास होत नाही: स्ट्रिंगवर बेतलेला वेगळा टाइप केला तरी कोडमध्ये थेट लिहिलेली स्ट्रिंग त्यात आपोआप बसते, व्हेरिएबलमधली मात्र बसत नाही. अर्थात तिथे एकट्या स्ट्रिंगला स्ट्रिंगांची स्लाइस (गोमधली यादी) समजण्याचा प्रश्नच नाही, कंपाइलर हाकलून देतो. रस्टमध्ये स्ट्रिंगवर थेट लूप चालत नाही, अक्षरं हवीत असं स्पष्ट मागावं लागतं. जावातली स्ट्रिंग इटरेबल (जिच्यावर थेट लूप चालतो अशी) नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये पायथनसारखंच भोक आहे, पण ते पॅरामीटरला इटरेबल म्हटलं तर. रीडओन्ली ॲरे म्हटलं की बुजतं. राकू या भाषेची तऱ्हा आणखी निराळी: पॅरामीटरवरची अट कॉल होतानाच तपासली जाते, आणि ‘वेअर’ लावून हवी ती शर्त घालता येते. पण ॲरेला स्ट्रचा टाइप दिला तर ती इतकी कडक होते की साधी, आत सगळ्या स्ट्रिंगाच असलेली ॲरेही नाकारते, कारण ती ॲरे स्वतः स्ट्रची म्हणून जाहीर केलेली नसते. त्यापेक्षा पायथनचा त्रास परवडला, असं म्हणणारे भेटतील.

दुसरी किंमत अशी की वापरकर्तानावावर लहान अक्षरं करणारी मेथड चालवली की परत साधा स्ट्र मिळतो, लेबल गळतं. अशा काही जागा चेकरने लाल केल्या. सुरुवातीला ही कटकट वाटली. मग लक्षात आलं की नाव सारखं करण्याचं काम कोडमध्ये जागोजागी, आणि प्रत्येक ठिकाणी जरा वेगळ्या पद्धतीने चाललं होतं. ते सगळं नावं_वाचमध्ये गेलं.

आधीच्या टेस्ट हिरव्या का होत्या, याचं उत्तर रुक्ष आहे: प्रत्येक टेस्टमध्ये लिस्टच दिलेली होती. एकटी स्ट्रिंग देऊन बघावी असं वाटायला आधी तो धोका सुचावा लागतो, आणि फंक्शनची सिग्नेचर (पॅरामीटर आणि टाइप सांगणारी ओळ) तर सांगत होती की सीक्वेन्स घेतो.

या प्रकरणानंतर कोडमधल्या सीक्वेन्स[स्ट्र] आणि इटरेबल[स्ट्र] घेणाऱ्या बाकी फंक्शनांची यादी काढली गेली. टॅग जोडणाऱ्या फंक्शनमध्ये हाच दोष होता, तिथे नवा टाइप न करता सरळ लिस्ट[स्ट्र] केलं, कारण टॅग कशाशी मिसळण्याची शक्यता नव्हती. कोणता घटक किती वेळा आला हे मोजणारं एक फंक्शन इटरेबल घेतं, कुठल्याही टाइपचं. रिव्ह्यूमध्ये त्यालाही कडक करावं असा आग्रह झाला. त्याला हात लावला नाही. एका शब्दात कोणतं अक्षर किती वेळा येतं हे विचारण्यासाठी त्याला एकटी स्ट्रिंग मुद्दाम दिली जाते, आणि तशी टेस्टही तिथे आधीपासून आहे.